गाणं कुणाचं, पाणी कुणाचं

कॅनडातल्या एखाद्या शहरात बायकांचा हौशी गायनवृंद ‘पाणी’ या विषयावर कार्यक्रम बसवायला घेतो, तेव्हा गाण्यांचा तुटवडा नसतो. समुद्राची, नदीची, पावसाची गाणी युरोपीय संगीतात ढिगाने आहेत. तरी गेल्या वीसेक वर्षांत असे वृंद वेगळीच दारं ठोठावू लागले आहेत. ज्या सरोवराचं पाणी शहर पितं, त्याच्या काठी हजारो वर्षं राहत आलेल्या लोकांकडे पाण्याची गाणी आहेत, ती शिकावीत असं त्यांना वाटतं. इच्छा चांगली आहे. पण शिकायला बसल्यावर लवकरच कळतं, की यातली बरीच गाणी श्रोत्यांसाठी रचलेलीच नाहीत. ती पाण्याला ऐकवायची असतात आणि ऐकवणाऱ्याच्या गळ्यात त्याबरोबर काही कामंही पडतात.

बायकांकडे पाणी, पुरुषांकडे अग्नी

सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टारिओ ही पाच महासरोवरं अमेरिका आणि कॅनडाच्या सीमाभागात पसरली आहेत. बर्फ आणि भूजल सोडलं, तर जगातल्या गोड्या पाण्याचा जवळपास पाचवा हिस्सा इथे आहे. एकट्या सुपीरियरचं क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त. या सरोवरांच्या परिसरात अनिशिनाबे लोकांची वस्ती आहे. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी, अल्गॉन्क्विन हे समाज याच मोठ्या कुळातले.

अनिशिनाबे परंपरेत कामांची वाटणी स्पष्ट आहे. अग्नी सांभाळायचा पुरुषांनी, पाणी सांभाळायचं बायकांनी. मूल पोटात पाण्यातच वाढतं आणि जन्माच्या वेळी त्याच्या आधी पाणी येतं, म्हणून पाण्याशी बोलण्याचा मान बाईचा आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारीही तिचीच. पाण्याच्या विधीत बायका तांब्याच्या भांड्यात पाणी घेतात, त्याच्यासाठी गातात, सगळ्यांना घोट घोट देतात आणि उरलेलं भूमीला किंवा प्रवाहाला परत करतात. पाण्याला तंबाखू अर्पण करायची प्रथाही आहे. तिथे तंबाखू ही पवित्र वनस्पती. काही मागायचं असेल, आभार मानायचे असतील, तर आधी ती द्यायची.

तांबंही सहज आलेलं नाही. सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावर कीविनॉ नावाचं द्वीपकल्प आहे. तिथे जवळजवळ शुद्ध तांबं खडकात सापडतं आणि इथले लोक हजारो वर्षांपासून ते काढून, ठोकून हत्यारं आणि दागिने घडवत आले. विधीतलं भांडं त्याच भूमीच्या ओळखीचं असतं.

वाद्यातसुद्धा पाणी आहे. ‘मिडेविविन’ या अनिशिनाबे लोकांच्या धार्मिक मंडळात वापरला जाणारा ढोल पोखरलेल्या ओंडक्याचा असतो. त्यात थोडं पाणी ओततात आणि तोंडावर कातडं ताणून बांधतात. कातडं किती भिजलंय त्यावर त्याचा ताण ठरतो, ताणावर सूर ठरतो. शेजारच्या होडिनोशोनी लोकांकडे, ज्यांना फ्रेंचांनी इरोक्वाय म्हटलं, हातात मावेल असा छोटा पाण्याचा ढोल आहे. सूर उतरला किंवा चढला, की वादक तो हलवून कातडं पुन्हा भिजवतो किंवा कडा आवळतो.

चालत चालत गाणं

ही परंपरा जगापुढे आली ती पायी चालणाऱ्या आज्यांमुळे. जोसेफिन मँडामिन यांचा जन्म १९४२ साली ह्युरॉन सरोवरातल्या मॅनिटूलिन बेटावर, विकविमिकाँग या गावी झाला. एका ज्येष्ठ धर्मगुरूने इशारा दिला होता, की काही दशकांत पाणी सोन्याच्या भावाने विकलं जाईल, आणि विचारलं होतं, यावर तुम्ही काय करणार? उत्तर म्हणून २००३ साली त्या आणि त्यांच्या सोबतिणी तांब्याच्या बादलीत पाणी घेऊन सुपीरियर सरोवराभोवती चालत निघाल्या. पुढच्या चार वर्षांत त्यांनी उरलेल्या चारही सरोवरांना फेरी घातली. २०११ साली चार दिशांकडून चार तुकड्या पाणी घेऊन निघाल्या आणि विस्कॉन्सिनमध्ये सुपीरियरच्या काठी एकत्र आल्या. २०१९ साली मँडामिन गेल्या, तोवर त्यांचं चालणं हजारो किलोमीटर झालं होतं.

चालण्याचे नियम कडक होते. पहाटे पाणी उचललं, की दिवसभर ते थांबवायचं नाही, कारण नदी थांबत नाही. एक दमली की चालता चालताच दुसरी बादली घेते. बादली बाईच्याच हातात; सोबतचा गरुडाच्या पिसांचा दंड पुरुष धरू शकतो. वाटेत ओढा, नाला, नदी लागली की तंबाखू वाहायची आणि गायचं. २०१३ साली शॅरन डे या ओजिब्वे कार्यकर्तीने मिसिसिपी नदीची अशीच यात्रा काढली. मिनेसोटातल्या इटास्का सरोवरापाशी, जिथे नदी उगमाला नितळ असते, तिथलं पाणी भरून घेऊन ते मेक्सिकोच्या आखातापर्यंत नेलं आणि मुखाशी मळलेल्या नदीत ओतलं. नदीला तिची मूळ चव पुन्हा कळावी, हा त्यामागचा भाव.

इथे एक साधा प्रश्न उरतो. गाण्याने पाणी बदलतं का? मासारू एमोटो या जपानी लेखकाने असा दावा केला होता, की चांगले शब्द ऐकवलेल्या पाण्याचे स्फटिक सुंदर होतात. ती छायाचित्रं जगभर फिरली, पाण्याच्या चळवळींतही पोचली. पण वैज्ञानिकांनी हा दावा मान्य केलेला नाही. पदयात्रेला त्याची गरजही नाही. वाटेतल्या प्रत्येक ओढ्यापाशी गाणाऱ्या माणसाला कोणता ओढा आटलाय, कशाला फेस आलाय, कुठे वास मारतोय हे पाहावंच लागतं. गाण्यामुळे पाण्याकडे वळणं होतं आणि वळल्यामुळे पाहणं. पाण्यात फरक पडायचा असेल तर तो तिथून सुरू होतो.

गाण्यावर आलेली बंदी

आज ही गाणी सार्वजनिक मंचावर ऐकू येतात, याचं अप्रूप कळायला इतिहासाचं एक पान उलटावं लागतं. कॅनडाने १८८४ साली कायद्यात दुरुस्ती करून पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘पॉटलॅच’ या देण्याघेण्याच्या सोहळ्यावर बंदी घातली. पुढे बंदीचा फास इतर विधींभोवतीही आवळला गेला आणि तो सुटला थेट १९५१ साली. अमेरिकेतही १८८३ पासून विधी आणि नृत्यांना गुन्हा ठरवणारे नियम होते. धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला १९७८ मध्ये. दरम्यान कॅनडाच्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख मुलं घरापासून तोडून ठेवली गेली. तिथे स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची आणि गायला मिळायची ती चर्चची भजनं. म्हणजे वृंदगान या मुलांच्या वाट्याला आलं, ते बऱ्याचदा आपलं गाणं विसरायला लावणारं साधन म्हणून.

त्यामुळे आजचा एखादा शहरी गायनवृंद, तोही चर्चच्या सभागृहात तालीम करणारा, पाण्याचं गाणं शिकवा म्हणून येतो, तेव्हा समोरच्या आजीच्या मनात काय काय येत असेल याची कल्पना करता येते.

न विचारता उचललेलं

बाहेरच्यांनी ही गाणी याआधीही घेतली होती. १९२७ साली मारिउस बार्बो हे मानववंशशास्त्रज्ञ आणि अर्नेस्ट मॅकमिलन हे संगीतकार ब्रिटिश कोलंबियात नास नदीच्या खोऱ्यात गेले आणि त्यांनी निस्गा लोकांची गाणी टिपून घेतली. त्यातलं एक शोकगीत होतं. ते एका विशिष्ट घराण्याचं, विशिष्ट प्रसंगीच गायचं. चाळीस वर्षांनी, कॅनडाच्या शताब्दीला, हॅरी सोमर्स यांच्या ‘लुई रिएल’ या ऑपेरात तीच चाल अंगाई म्हणून आली. गाणं दुसऱ्या लोकांचं, शब्द क्री भाषेतले, प्रसंग बाळाला निजवण्याचा. निस्गा लोकांच्या दृष्टीने शोकगीत अवेळी गाणं हे नुसतं अनुचित नाही. त्याने गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला इजा होऊ शकते. २०१७ साली ऑपेरा पुन्हा रंगमंचावर आला तेव्हा हा विषय उघडपणे बोलला गेला आणि नंतर मेटी संगीतकार इयन कसन यांनी त्या जागी नवं गीत रचून दिलं.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला हे फार परकं वाटू नये. घराण्याची खास चीज गंडा बांधलेल्या शिष्यालाही उस्ताद सहज देत नसत. कुणी लपून ऐकून ती मैफलीत गायली, तर ती चोरीच मानली जाई. अनिशिनाबे लोकांत मिडेविविनची गाणी शिकायला मोबदला द्यावा लागे. ती लक्षात राहावीत म्हणून बर्चच्या सालीवर चित्रं कोरून ठेवत. फ्रान्सिस डेन्समोर यांनी १९०७ पासून मेणाच्या नळकांड्यांवर ओजिब्वे गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९१० व १९१३ साली दोन खंडांत छापली, तेव्हा कोणतं गाणं कुणाचं, ते स्वप्नात मिळालं की कुणाकडून घेतलं, याच्या नोंदीही ठेवल्या. स्टोलो समाजातले अभ्यासक डिलन रॉबिन्सन यांनी २०२० साली आलेल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा नीट मांडला. पाश्चात्य कान गाण्याला ऐकण्याची वस्तू समजतो. इथे मात्र गाणं कायद्याचा दस्तऐवज असू शकतं, औषध असू शकतं, जमिनीवरच्या हक्काची नोंद असू शकते. ते चोरलं गेलं तर चालीपेक्षा बरंच काही जातं.

वृंदांना आवडणारी आणखी एक रचना या संदर्भात आठवते. मरी शेफर यांची १९७१ सालची ‘मिनिवांका’. उत्तर अमेरिकेतल्या अनेक मूळ भाषांमधले पाणी, पाऊस, ओढा, नदी, समुद्र यांचे शब्द घेऊन शेफर यांनी थेंबापासून सागरापर्यंतचा आवाज गळ्यातून उभा केला. स्वरलिपीच्या जागी रेषा आणि आकृत्या आहेत. मुलांचे आणि बायकांचे वृंद ती आजही गातात. ऐकायला ती विलक्षण आहे. पण त्यात शब्द आले ते नादासाठी. ते बोलणारे लोक कुठेच येत नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हतं. आज तीच रचना कार्यक्रमात घेताना अनेक संचालक थांबून विचार करतात.

देण्यासाठीच रचलेलं

सगळंच कुलूपबंद आहे असं मात्र नाही. २००२ साली अल्गॉन्क्विन ज्येष्ठ विल्यम कमांडा यांनी ओटावाच्या उत्तरेला भरलेल्या मेळाव्यासाठी आयरीन वावाटी जेरोम यांना पाण्याचं गाणं रचायला सांगितलं. मेळाव्याला येणाऱ्या सगळ्या बायकांना, मग त्या कुठल्याही समाजाच्या असोत, पाण्यासाठी एकत्र गाता यावं हा हेतू. हे गाणं मुद्दाम मोकळं ठेवलं गेलं आणि आता ते जगभरच्या बायका शिकतात. डोरीन डे यांचं ‘नीबी’ (पाणी) हे गीतही असंच. पाण्याविषयी प्रेम, कृतज्ञता आणि आदर, इतकाच त्याचा ऐवज आहे. ते जितकं गायलं जाईल तितकं चांगलं, अशीच त्यामागची इच्छा. शहरी वृंद बहुधा याच गाण्यांपासून सुरुवात करतात.

पण मोकळं गाणंही सोपं नसतं. पाश्चात्य पद्धतीने तयार झालेल्या वृंदाला कागद लागतो. इथे गाणं कानाने घ्यायचं असतं, शिकवणाऱ्या बाईसमोर बसून, पुन्हा पुन्हा. वृंदाचा हात लगेच हार्मनीकडे वळतो. आल्टोंना खालचा सूर द्यावा, सोप्रानोंना वरचा, असं वाटतं. पण पारंपरिक गाणं बहुधा एकाच सुरावलीत सगळ्यांनी मिळून गायचं असतं, आणि त्याला हार्मनी चढवायची तर रचणारीला विचारावं लागतं. कित्येक गाण्यांत ज्यांचा शब्दकोशात अर्थ सापडत नाही अशी अक्षरं येतात. ऐकणाऱ्याला ती तोंडाला येतील तशी घेतलेली वाटतात. प्रत्यक्षात कोणतं अक्षर कुठे, हे पक्कं ठरलेलं असतं. गाण्याची आवर्तनंही बऱ्याचदा चार, चार दिशांसाठी, त्यामुळे वेळ कमी आहे म्हणून दोनच घेऊ, असं चालत नाही. वृंदात सगळे आवाज एकजीव व्हावेत असा आग्रह असतो. हातात चामड्याचा डफ घेऊन गाणाऱ्या अनिशिनाबे बायकांच्या गटात प्रत्येकीचा आवाज तिचाच राहतो, आणि तो तसाच हवा असतो.

या दोन पद्धतींमधून नवं संगीतही घडतं आहे, आणि आता ते रचणारे त्या समाजांतलेच आहेत. अल्बर्टातल्या शेरिल सेवेपागाहम या क्री-डेने संगीतशिक्षिका. ‘असानी’ या तिघींच्या गटात त्या गायल्या आणि पुढे वृंदांसाठी क्री भाषेत लिहू लागल्या. विनिपेगचे अँड्र्यू बॅलफोर क्री कुटुंबात जन्मले, लहानपणी आईवडिलांपासून काढून गोऱ्या घरात दत्तक दिले गेले आणि चर्चच्या वृंदात गात वाढले. आता ते इंग्रजी प्रबोधनकाळातल्या चर्चसंगीतावर क्री आणि ओजिब्वे शब्द बसवतात. जी चौकट भाषा पुसायला वापरली गेली, तिच्यातच ती भाषा पुन्हा उभी राहते.

विनिपेगचा नळ

याच विनिपेगमध्ये पाण्याचं गाणं गायचं, तर नळाचा इतिहास टाळता येत नाही. शहराला पाणी येतं सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या शोल लेकमधून. १९१९ साली पूर्ण झालेल्या जलवाहिनीतून ते उताराच्या जोरावर वाहत येतं. त्या काळच्या अभियांत्रिकीची ती शान मानली गेली. पण त्यासाठी शोल लेक ४० या अनिशिनाबे वस्तीची जमीन घेतली गेली, लोकांना हलवलं गेलं, आणि खोदलेल्या कालव्यामुळे त्यांची नवी जागा बेटासारखी तुटली. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून वाट. बर्फ पातळ असेल त्या दिवसांत जीव मुठीत धरून जाणं. ज्या सरोवराचं पाणी लाखो शहरवासी निर्धास्त पीत होते, त्याच्या काठच्या या वस्तीला १९९७ पासून पाणी उकळून पिण्याची सूचना होती. बाटल्यांतलं पाणी बाहेरून आणावं लागे. बारमाही रस्ता २०१९ मध्ये झाला. त्याला लोकांनी ‘फ्रीडम रोड’ म्हटलं. शुद्धीकरण केंद्र सुरू झालं २०२१ मध्ये. चोवीस वर्षांनी.

हे या एकाच वस्तीचं दुखणं नव्हतं. २०१५ च्या शेवटी कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमध्ये अशा दीर्घकालीन सूचना शंभराहून अधिक होत्या. ऑन्टारिओच्या उत्तरेकडच्या नेस्कांटागात ती १९९५ पासून लागू आहे. तिथे एक आख्खी पिढी नळाचं पाणी न पिता मोठी झाली. २०१८ च्या जागतिक जलदिनी संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात बोलायला उभी राहिलेली ऑटम पेल्टिए ही शाळकरी मुलगी मँडामिन यांच्या नात्यातली आणि त्यांच्याच गावची. २०२१ साली या वस्त्यांनी लढलेल्या सामूहिक दाव्यात सरकारने सुमारे आठ अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली.

तेव्हा पाण्याबद्दल कृतज्ञतेचं गीत शहरातल्या मंचावर गाताना अडचण अशी, की कृतज्ञता कुणाबद्दल? ज्यांचं पाणी घेतलं, त्यांचंच गाणंही घेऊन आपण टाळ्या मिळवायच्या, हे नीट विचार करणाऱ्या वृंदाला बोचतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी नवे पायंडे पडताहेत. गाणं कुणी दिलं ते नाव घेऊन सांगायचं, शिकवणाऱ्या बाईला मानधन द्यायचं, विधीचं गाणं असेल तर टाळ्या नकोत असं आधीच सांगायचं, तिकिटाचा पैसा पाण्यासाठी लढणाऱ्यांकडे द्यायचा. आणि नकार आला तर तो मुकाट्याने घ्यायचा.

गाणं आणि गवंडीकाम

यापुढचा धडा होडिनोशोनी लोकांच्या गायनमंडळांकडून घेण्यासारखा आहे. ऑन्टारिओत ग्रँड नदीकाठी असलेल्या सिक्स नेशन्स या वस्तीत आणि इतर होडिनोशोनी वस्त्यांत अशी मंडळं जुनी आहेत. ‘एस्कान्ये’ या बायकांच्या नृत्याची गाणी ती रचतात आणि गातात. पाण्याचा छोटा ढोल, गाईच्या शिंगाचे खुळखुळे, आणि जमिनीवरून न उचलता सरकवायची पावलं, असा हा प्रकार. परंपरेने पुरुषांकडे असलेल्या या गायनात सेनेका गायिका सेडी बक यांच्या पुढाकाराने ‘सिक्स नेशन्स विमेन सिंगर्स’ हा बायकांचा गट उभा राहिला आणि देशाबाहेरही पोचला. वेगवेगळ्या वस्त्यांची मंडळं ठरावीक काळाने एकत्र जमतात, नवी गाणी एकमेकांना ऐकवतात.

पण या मंडळांचं मूळ काम वेगळंच आहे. ती परस्परसाहाय्याची मंडळं आहेत. कुणाचं घर जळलं, कुणी आजारी पडलं, कुणाकडे मयत झालं, कुणाचं लाकूड फोडायचं राहिलं, की मंडळ हजर होतं. पैसा जमवतं, स्वयंपाक करतं, छप्पर घालतं. गाणं हे त्या कामाचं बक्षीस आणि त्यासाठी माणसं एकत्र ठेवणारा दोर. जमणं आधी मदतीसाठी, मग गाण्यासाठी.

शहरातल्या बायकांच्या वृंदाकडे याला लागणारी सामग्री असतेच. दर आठवड्याला भेटणाऱ्या तीस-चाळीस जणी, एकमेकींचा श्वास सांभाळून गायची सवय, निधी उभारायचा अनुभव, सभागृह भरवायची ओळख. पाण्याच्या गाण्याने या सगळ्याला एक पत्ता मिळतो: कुठल्या सरोवराचं पाणी आपण पितो, त्याच्या काठी कोण राहतं, त्यांच्या नळाला काय येतं. परवानगी मागून, नाव घेऊन, सुरात गायलं तरी हे उरतंच. कारण जिथून ही गाणी आली, तिथे गाणारीने काम करायचं हे गृहीतच असतं. त्यातलं काम गाळून नुसती चाल उचलली, तर ती कितीही सुरेल लागली तरी अर्धीच उचलली.